आक्कांच्या परसातली अबोली

मठ गल्ली, बेळगाव
११ जुलै १९३८

चि. सौ. अंबूस,
तुझ्या आईचा आशीर्वाद.

अक्षर बघून पत्र कुणाचं म्हणून उलटंपालटं केलं असशील. माझं आहे गं! माझ्या हातचं! तू तिसरीपर्यंत शिकलीस, तुला वाचता येतं. मला लिहिता येत नव्हतं म्हणून आजवर उचगावच्या मास्तरांपुढं बसून तुला पत्र घालायची पाळी. मास्तरांपुढं माणूस काय बोलणार? 'इकडील सर्व ठीक' एवढंच. आता मधे कुणी न्हाई.

इथं गल्लीच्या टोकाला दुपारी बायकांचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई वयानं तुझ्याएवढ्या, पण लई कडक. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "मी उचगावास्नं आलो." बाई म्हणाल्या, "बाळाबाई, बोलताना काही बोला, लिहिताना 'आले' लिहायचं." म्हणून ह्या पत्रात सगळीकडं आले-गेले दिसेल. हसू नको.

आता जे सांगायला बसले ते सांगते. मी जिथं सैपाकाला राहिले आहे, त्या पद्मावती आक्कांचं परसू तू बघितलेलं न्हाईस. तिन्ही बाजूंनी भिंती, त्यातली एक तर धान्याच्या वखारीची, ही उंच! ऊन येतं आणि पाहुण्यासारखं लगेच जातं. आक्का दरवर्षी नवी तुळस आणतात, आणि ती जगत न्हाई. त्या म्हणायच्या, "ह्या मातीला शाप हाय बाळाबाई." मी पण तसंच धरून चालले होते.

इथं एक गाडीवान येतो. खानापूरच्या कुंभारांकडनं मडकी, कुंड्या भरून बाजारात आणतो. त्याची बहीण चंदगडकडं दिली आहे. तिच्याकडनं त्यानं रुमालात बांधून अबोलीची वाळकी कणसं आणली. "लावा, न्हाईतर चुलीत घाला," म्हणाला आणि गेला. मी ती सैपाकघरात पाण्याच्या घागरीजवळ ठेवली नि विसरले. काल तांब्या बुडवताना त्यावर पाणी सांडलं. जरा वेळ गेला, आणि तट्! माझ्या गालावर काहीतरी बसलं. मी इकडं तिकडं बघते तोवर परत तट्, तट्, तट्! बी उडतंय! पाणी लागलं की शेंग फुटून बी लांब फेकते गं ती! पिठाच्या परातीत बी, आक्कांच्या चष्म्यावर बी. आक्का देवाकडं बसलेल्या, तिथनंच ओरडल्या, "कोण खडे मारतंय गं?" नावाची अबोली, पण शेंगा कसल्या बडबड्या! मी आणखी पाणी शिंपडलं आणि पदर पसरून मधोमध उभी राहिले. मी नाचलो बघ. (नाचले.)

सगळं बी वेचून कुंड्यांत पेरलं. पालापाचोळा कुजलेला, थोडी वाळू, थोडं शेण. आक्का जैन, त्यांची अट अशी की माती कालवताना एक गांडूळ मरता कामा नये. तेव्हा चाळणीनं न्हाई, बोटांनी निवडून माती केली. अर्धा दिवस गेला. जाऊ दे.

मी उचगाव सोडून इथं आले, तेव्हापासून तू बोलत न्हाईस. तुझे सासरे मारुतीराव म्हणतात, व्याहीणबाई दुसऱ्याच्या घरी भाकरी थापतात, चारचौघांत मान खाली जाते. गेल्या नागपंचमीला धाडलेलं लुगडं परत आलं. ते मी ठेवलंय. तुझे बाबा गेल्यावर तुझ्या काकांनी मला भाकरीला कमी केलं न्हाई, हे मी कुणापुढंही सांगेन. पण त्या घरात मला 'आज काय करायचं' असं कुणी विचारत नव्हतं. इथं आक्का मोडल्या कमरेनं पाटावर बसून विचारतात, "बाळाबाई, आज काय करूया?" एवढ्यासाठी आले. रागाव, पण हे मास्तरांच्या अक्षरात कधी तुझ्यापर्यंत आलं नसतं, म्हणून लिहिलं.

तुझी आई,
बाळाबाई

•

मठ गल्ली
२ सप्टेंबर १९३८

चि. सौ. अंबूस, आशीर्वाद.

उगवली! लिहायला उशीर झाला, कारण उगवून मग मरायला टेकली आणि आता परत जगली. सगळं सांगते.

बरेच दिवस कुंड्यांत काहीच न्हाई. मी रोज उठून आधी परसात. आक्का म्हणाल्या, "तू बघतीस म्हणून लाजून वर येत न्हाईत." मग एका सकाळी दोन दोन पानं, टिकलीएवढी! सगळ्या कुंड्यांत! मी आक्कांना हात धरून बाहेर आणलं. वाकता येत न्हाई त्यांना, म्हणून कुंडीच उचलून त्यांच्या तोंडापुढं धरली.

पुढं तो गाडीवान आला. मष्णू त्याचं नाव, कडोलीचा. एवढा उंच की आक्कांच्या मागल्या दाराला डोकं आपटतो. एकदा न्हाई, येईल तेव्हा. कपाळ चोळत म्हणतो कसा, "सावलीत कसली रोपं जगत्यात? वर न्या गच्चीवर, ऊन दाखवा." मी शेतकऱ्याची सून, मलाही पटलं. सगळ्या कुंड्या कडेवर घेऊन जिना चढले. पाऊस उघडून कडक ऊन आलेलं. चार दिवसांत पानं पिवळी, कडा करपलेल्या, माना खाली. पुन्हा सगळ्या कुंड्या खाली आणून वखारीच्या भिंतीच्या पायाशी ठेवल्या, मरायचं तर घरात मरा म्हणून. आणि काय सांगू! नवीन पानं आली ती काळीभोर हिरवी, तेल लावल्यासारखी! हिला सावलीच पाहिजे गं. कवडशातलं ऊन तेवढं चालतं. ह्या परसाला शाप न्हाई अंबू, आम्ही झाडं चुकीची लावत होतो!

मष्णूला सांगितलं तर म्हणाला, "मग पाणी तरी भरपूर घाला." घातलं. कुंड्यांच्या बुडाला भोकंच नव्हती. पाणी साचलं, दोन रोपं मुळातनं कुजली. मी त्याला म्हटलं, "आता तू काही सांगूच नको." तो खिळा नि हातोडी घेऊन भोकं पाडायला बसला, आणि तीन कुंड्या फोडल्या. मान वर करून बघायची हिंमत होईना त्याची. मला इतकं हसू आलं की खांब धरून बसले.

किती दिवसांनी हसले, ते मला आठवेना.

तुझी आई

•

मठ गल्ली
२० डिसेंबर १९३८

अंबू,

फूल आलं!

आशीर्वाद लिहायचा राहिला, घे. फूल आलं! आधी कणीस येतं, गव्हाच्या लोंबीसारखं, हिरवं. मी रोज बोटानं चाचपायची. दिवाळीनंतर एका सकाळी खालच्या बाजूनं एक पाकळी बाहेर, आणि आता टोपलीभर फुलं, म्हणून लिहायला उशीर. रंग कसा सांगू? शेंदरात दूध घातलं तर होईल तसा. वास काही न्हाई, आणि अंग तर इतकं हलकं की हातावर ठेवलं तर आहे की न्हाई कळत न्हाई. आक्का कानडीत म्हणाल्या, "कनकांबर!" आणि हात जोडले. आमच्या अबोलीला इकडं कनकांबर म्हणतात, माहीत असेल तुला. तुमच्या निपाणीत तर निम्मी गल्ली कानडी बोलते.

मधे एक धाडस केलं. रोपं उंच उंच वाढत चालली होती, कंबर न्हाई त्या पोरीसारखी. मी प्रत्येकाचा शेंडा खुडला. आक्का "बेड, बेड, नको गं" करत होत्या. पण बाजूनं इतक्या फांद्या फुटल्या की आता कुंडी दिसत न्हाई.

पांढरी कीड पडली होती. मी चुलीतली राख आणली, तर आक्कांनी काठी आडवी घातली. कीड मारायची न्हाई. तेव्हा ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचं आणि फडकं लांब नेऊन कुंपणावर झटकायचं. कुंपणावरनं ती कीड परत येते की न्हाई, आक्कांना विचारायची माझी छाती न्हाई. पण पुसल्यामुळं पानं चकाकतात, हे खरं.

अबोली दोन-तीन दिवस कोमेजत न्हाई, म्हणून बाजारात तिला मागणी. मी वेण्या गुंफायला बसते. माझ्या आईनं शिकवलं होतं, बोटांना आठवतंय सगळं. मष्णू शनिवारच्या बाजाराला टोपली नेतो. गेल्या शनिवारी मी पण गेले. गणपत गल्लीत बसले, पहिल्यांदाच! लाज वाटेल असं वाटलं होतं. न्हाई वाटली. एका बाईनं वेणी घेतली, तिथंच अंबाड्यात माळली आणि वळून म्हणाली, "बरी दिसती काय?" मी म्हटलं, "लक्ष्मी दिसतीस बाई." ती गर्दीत दिसेनाशी होईतो मी तिच्या मानेकडं बघत होते.

मी माळत न्हाई, हे तुला सांगायला नको.

तुझी आई

•

मठ गल्ली
४ फेब्रुवारी १९३९

चि. सौ. अंबूस, अनेक आशीर्वाद.

आज बाजारात निपाणीचे तंबाखूचे गाडीवान भेटले. त्यातल्या एकानं मला ओळखलं. म्हणाला, "जावईबापू रवळू खुशीत हाईत. सूनबाईला दिवस गेल्यात न्हवं!" माझ्या हातातनं टोपली पडली. तुला! माझ्या अंबूला! मी त्याला परत परत विचारलं, तो कंटाळला. आपल्या उचगावच्या मळेकरणी देवीला नारळ बोलले. काय खावंसं वाटतं तुला? ओकाऱ्या होतात का? तुझ्या वेळेला मला चिंच सोसत नव्हती आणि चुलीतली माती गोड लागायची. माती खाऊ नको. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मी आक्कांना विचारलं, त्या म्हणाल्या, "मधली खोली तुझ्या लेकीची. आजच शेणानं सारव." मी आजच सारवली. अजून इतके महिने आहेत तरी!

दुसरंही लिहायचं आहे. लिहू की नको करत होते. रविवार पेठेत एक लग्न होतं. नवरीच्या घरनं वेण्यांची मागणी आली, वऱ्हाडातल्या सगळ्या बायकांना. आम्ही तीन दिवस गुंफत होतो. आज नवऱ्या मुलाची आई वेण्या घ्यायला बाजारात आली, माझ्या कपाळाकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्या वेण्या हिनं गुंफल्या? विधवेच्या हातचं नवरीच्या डोक्यात घालू?" टोपली मागं सारली. भोवती बायका जमल्या. फुलं तशीच ताजी टवटवीत, आणि मी तिथं दगडासारखी.

मग मष्णू गाडीवरनं उतरला आणि त्यानं भर बाजारात तमाशा केला. काय बोलला ते मी लिहिणार न्हाई.

टोपली घरी आणली. दिवेलागणीच्या आधी नवरी मुलगी स्वतः आली, हळदीच्या अंगानं, भावाला बरोबर घेऊन. म्हणाली, "मावशी, माझ्या वेण्या कुठं हाईत?" मी म्हटलं, "पोरी, तुझी सासू..." ती म्हणाली, "डोस्कं माझं हाय." आणि सगळी टोपली घेऊन गेली! आक्का काठी आपटून हसत होत्या. अजून हसतात मधूनच.

जप. जड उचलू नको.

तुझी आई

•

मठ गल्ली
२० फेब्रुवारी १९३९

चि. सौ. अंबूस, आशीर्वाद.

काल तुझे सासरे इथं आले होते. तुला माहीत असेल, नसेल. म्हणून माझ्याकडनं सगळं ऐक, दुसऱ्याकडनं वाकडंतिकडं ऐकण्याआधी.

त्या दिवशी मष्णू बाजारात ओरडला, "विधवा म्हणतासा? आज हाय, उद्या न्हाय! मी पाट लावतो हिच्यासंगं, मग तर घेशीला न्हवं वेण्या?" सगळी गणपत गल्ली वळून बघायला लागली. वांगी विकणाऱ्या बायकासुद्धा. आणि मी? मला विचारलं होतं का कुणी! वाटेत मी त्याला असा झाडला, असा झाडला की बैल थांबून ऐकायला लागले. "मी काय कुंडी हाय व्हय रं, उचलली नि गाडीत घातली?" तो म्हणाला, "चुकलं. आता इचारतो." आणि रस्त्यात, गाडी थांबवून, विचारलं. मी म्हटलं, विचार करते.

विचार करते म्हटलं, न्हाई म्हटलं न्हाई, हे माझं मलाच घरी आल्यावर कळलं.

त्याची बायको पटकीत गेली, मूलबाळ न्हाई. एक गाडी, दोन बैल, कडोलीत भावाच्या वाट्यातली एक खोली. झाडातलं त्याला काडीचं कळत न्हाई, तरी बोलल्याशिवाय राहत न्हाई. हे सगळं मी मारुतीरावांना सांगितलं. ते ओसरीवर ताठ बसले होते. आक्कांनी दिलेलं ताक तसंच ठेवलं. म्हणाले, "आमच्यात विधवेचा पाट लावत न्हाईत. तुमच्या नवऱ्याच्या घरानंही कधी लावला न्हाई. हे झालं तर अंबू बाळंतपणाला हिकडं येणार न्हाय. उचगावला चुलत्याकडं जाईल. आणि पुन्हा हिकडनं आमच्या घरी कागूद येता कामा नये."

मी त्यांना उलट बोलले न्हाई. ते तुझ्या नवऱ्याचे वडील. उठताना त्यांनी परसाकडं बघितलं. सगळ्या कुंड्या फुलल्या आहेत सध्या, वखारीची भिंत खालनं शेंदरी दिसते. जरा वेळ बघितलं त्यांनी. मग चपला घातल्या.

अंबू, मी काय करू? मी परवानगी मागत न्हाई, मी तुझी आई आहे. तुझं मन विचारते. तू माझ्या हाताखाली बाळंत व्हावीस ह्यापरतं मला काही नको, असं काल रात्रीपर्यंत म्हणत होते. सकाळी उठून परसात गेले तर मष्णू दाराला डोकं आपटून आत येत होता, आणि मला हसू आलं. आणि मग कळलं, की मला दोन्ही पाहिजे. तूही पाहिजेस आणि हेही पाहिजे. पस्तिशी उलटलेल्या बाईनं असं लिहावं का? लिहिलं.

एक ओळ लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

तुझी आई

•

मठ गल्ली
१२ मार्च १९३९

चि. सौ. अंबूस,

तुझी ओळ आली न्हाई. मी वाट बघितली. मग मी ठरवलं. तू रागावली असशील, किंवा पत्र तुझ्या हाती दिलंच नसेल, किंवा तुलाच काय लिहावं ते सुचत नसेल. तिन्हीला मी काही करू शकत न्हाई. काल पाट लागला.

पण ऐक कसा लागला! मष्णूचा थोरला भाऊ म्हणाला, पाट रात्री लावतात, दिवे मालवून, मागल्या अंगणात. बाईचं तोंड सकाळपर्यंत कुणी बघायचं न्हाई, अपशकुन होतो. मी म्हटलं, "मग राहू दे. मी काही चोरून आणलेली कोंबडी न्हाय." भाऊ रागावून बाहेर गेला. मष्णू मला म्हणाला, "तू म्हणशील तवा." आक्का बोलल्या, "माझ्या परसात, भर दुपारी. सावली बक्कळ हाय." आणि तसंच! भर दुपारी अंबू, बाराच्या ठोक्याला, वर्गातल्या बायका, आमच्या बाई, कुंभारवाड्यातली माणसं, सगळी परसात. गर्दी इतकी की कुंड्या भिंतीवर चढवाव्या लागल्या. रागावलेला भाऊ पण आला शेवटी, मुंडासं बांधून. रविवार पेठेतली ती नवरी आली होती, आता सासुरवाशीण. सासूला सांगून आली की चोरून, मी विचारलं न्हाई.

वेणी कोण माळणार म्हणून बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सवाष्णींना धजवत नव्हतं, आणि आक्का तर विधवा, त्या हातही लावेनात. मी म्हटलं, थांबा. अबोली मीच लावली, मीच खुडली, मीच गुंफली. मीच माळली. पाच वर्षांनी डोक्यात फूल. वजनच न्हाई गं त्याला! सारखा हात मागं जात होता, आहे का बघायला.

तुझ्या बाबांची आठवण आली. रडले न्हाई, पण आली. ते असते तर हे काही झालं नसतं, आणि ते असते तर मला दुसरं काही नकोच होतं. हे मी मष्णूला पण सांगितलं. तो म्हणाला, "जोतिबा चांगला माणूस हुता, मी त्येला दोनदा उचगावला मडकी इकल्यात." झालं त्याचं बोलून.

आम्ही आक्कांकडंच राहतो. मष्णू तिसऱ्या दिवशी सुतार घेऊन येणार आहे. चौकट उंच करायची आहे.

मधली खोली सारवून ठेवते. कुणी येवो न येवो, दर अमावास्येला सारवणार.

तुझी आई

•

मठ गल्ली
३ एप्रिल १९३९

अंबू! अंबू! अंबू!

तुझं कार्ड आलं! पोस्टमनच्या हातातनं ओढून घेतलं, तो दचकला. मीच वाचलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई. तुझं अक्षर अजून तसंच, 'र' ला शेपूट. सासूबाई म्हणाल्या, पहिलटकरणीला आईच पाहिजे, आणि मामंजींशी भांडल्या! किती वर्षांत पहिल्यांदा भांडल्या म्हणतेस! त्यांच्या पायावर डोकं ठेव माझ्या वतीनं. रवळू स्वतः आणून सोडणार. माझी सगळी पत्रं त्यानंच तुला आणून दिली, आणि तू वाचून पेटीत ठेवलीस. मला वाटत होतं विहिरीत दगड टाकतेय.

तुझं एक वाक्य मी आक्कांना मोठ्यानं वाचून दाखवलं: 'आई, तू हसलीस ते पत्र मी लई वेळा वाचलं. तू घरात कधी हसलेली मला आठवत न्हाई.' आक्का उठून देवाकडं गेल्या. मी परसात गेले.

तू विचारलंस, त्यांना काय म्हणू? मी मष्णूला विचारलं. तो लई गंभीर झाला. बैलांना वैरण घालून आला, विचार करून म्हणाला, "गाडीवान म्हणू दे." मी त्याला म्हटलं, "अरं, पोरगी हाय ती आता तुझी!" तर हा एवढा मोठा माणूस लाजून परत बैलांकडं. तुझं तू ठरव. आप्पा म्हण, न्हाईतर काहीच म्हणू नको, तो ऐकून घेईल.

उन्हाळा लई आहे. सकाळच्या गार वेळी निघा. संकेश्वराला विसावा घ्या, पाणी आपलंच बाळगा. लवकर या, लवकर!

आई

•

मठ गल्ली, बेळगाव
८ जून १९३९

श्री. मारुतीराव यांस,
बाळाबाईचा नमस्कार.

इकडनं तुमच्या घरी कागद येता कामा नये, असं तुम्ही म्हणाला होता. तरी लिहिते. ही बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्यापर्यंत जावी, हे मला बरं वाटेना.

काल दुपारी तुमची सून बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी खुशाल आहेत.

सोपं गेलं न्हाई. परवा सकाळपासून कळा लागल्या, सुईण म्हणाली मूल आडवं आहे. मग वाट बघितली न्हाई. गाडीत गवताचा बिछाना घालून दवाखान्यात नेलं. गाडी ज्यांनी हाकली त्यांचं नाव तुम्हाला ऐकायला आवडणार न्हाई, पण रस्त्यातले दगड त्यांनी एकेक करून चुकवले. धक्का बसला की अंबू "आप्पा, हळू!" म्हणून ओरडत होती आणि ते बैलांच्या पुढं चालत, वेसण हातात धरून, वाटभर "व्हय पोरी, व्हय पोरी" करत होते. डॉक्टरीणबाईंनी हात घालून मूल फिरवलं. अंबूनं माझं मनगट इतकं आवळलं की बोटं अजून उमटलेली आहेत. मी ती कुणाकुणाला दाखवत फिरते आहे. आणि मग रडणं ऐकू आलं! काय आवाज आहे मारुतीराव! बाहेर झाडाखाली रवळूबापू बसले होते, ते तिथनंच उठून पळत आले. पोरगी सावळी आहे, जावळ भरपूर, नाक तुमचं. खोटं सांगत न्हाई, आक्कांना दुरून ऐकू येत न्हाई पण दिसतं बरं, त्या पण म्हणाल्या.

आज संध्याकाळी गाडीनं दोघींना घरी आणलं. मधल्या खोलीत झोपल्या आहेत. मी उंबऱ्यावर बसून हे लिहिते आहे.

आता माझी एक विनंती. बाराव्या दिवशी बारसं आहे. इथल्या बायका विचारतात, नाव काय ठेवणार. वर्गातल्या बाईंनी तर यादीच करून दिली. अंबूच्या मनात एक नाव आहे, ते ती मला पण सांगत न्हाई. मी सगळ्यांना सांगितलंय, की नाव ठेवायचा मान आत्याचा, तुमच्या घरचा. तो आमचा न्हाई आणि आम्ही तो घेणार न्हाई. तुमच्या लेकीला घेऊन या. सासूबाईंनाही आणा, त्यांचे पाय धरायचे आहेत मला. तुम्हाला आत यायचं नसेल तर ओसरीवर बसा. ताक प्यायलं न्हाईत तरी चालेल.

पाळणा बांधला आहे. पोरीला आम्ही सगळे नुसतं 'बाळ' म्हणतो. तुम्ही येईपर्यंत तिला नाव न्हाई.

आपली व्याहीण,
बाळाबाई मष्णू कडोलकर